आधारची झेरॉक्स मागितली, तर काय द्यायचं आणि काय राखायचं

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या खान्देशातच दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावी. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी टेंभलीला आले होते. तेव्हा हे ओळखपत्र ऐच्छिक होतं. आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. रेशन दुकान, शाळा, सेवा केंद्र, बँक, लॉज, सगळीकडे पहिला शब्द एकच: "आधारची झेरॉक्स आणा." यातल्या काही ठिकाणी कायद्याने आधार द्यावंच लागतं. काही ठिकाणी ते मागण्याचा अधिकारच नाही. आणि जिथे द्यायचंय तिथेही सगळा नंबर, अंगठा, मोबाईल असं सगळं ओतून द्यायची गरज नसते. कुठे किती द्यायचं आणि बाकीचं कसं राखायचं, ते पुढे सांगितलं आहे.

राज्य सरकार आडवं का येत नाही?

हा प्रश्न बरेच जण विचारतात, म्हणून आधी तो मिटवू. अमेरिकेत राज्यं केंद्राच्या ओळखपत्राला आडवी आली होती. तिथे २००५ साली 'रिअल आयडी' नावाचा केंद्राचा कायदा झाला. ओळखपत्र म्हणून चालणारा वाहन परवाना तिथे राज्यं देतात. परवान्यावर काय छापायचं, कोणती कागदपत्रं तपासायची, राज्यांच्या नोंदी एकमेकांना कशा जोडायच्या, हे केंद्राने ठरवून दिलं. नागरिकांची खाजगी माहिती देशभर एका जाळ्यात जाईल, म्हणून राज्यं उखडली. जानेवारी २००७ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळाने नकाराचा ठराव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोंटानाने कायदा करून आपल्या परिवहन खात्याला अंमलबजावणीची मनाईच केली. पाठोपाठ बरीच राज्यं उभी राहिली. २००८ ची मुदत पुढे पुढे सरकत गेली आणि विमानतळावर असा परवाना मागायला प्रत्यक्षात ७ मे २०२५ उजाडला. राज्यांना हे जमलं, कारण परवाना छापणारा हात त्यांचा होता. त्यांनी छापला नाही तर केंद्र फार तर विमानतळाच्या दारात अडवू शकत होतं.

आपल्याकडे आधार देणारं प्राधिकरण केंद्राचं आहे आणि नंबर ते थेट माणसाला देतं. राज्य सरकार फार तर नोंदणी करून देतं. पश्चिम बंगाल सरकारने आधारच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने विचारलं की संसदेने केलेल्या कायद्याला राज्य आव्हान कसं देऊ शकतं? मुख्यमंत्र्यांनी हवं तर व्यक्ती म्हणून यावं. त्यामुळे नकाराची जी काही जागा आहे ती व्यक्तीकडे आहे. ती बरीचशी मिळाली २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने. त्यात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा चार विरुद्ध एक अशा मताने कायम ठेवला, पण खाजगी कंपन्यांना आधार मागू देणारा भाग काढून टाकला आणि शाळाप्रवेश, बँक खातं, मोबाईल यांची सक्ती उठवली. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं होतं. ही जागा वापरली जाते ती खिडकीसमोर उभं राहून. म्हणून तयारी घरूनच करून निघायची.

घरी करायची कामं

पहिलं काम मोबाईल नंबरचं. आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते बघा. खान्देशात हा घोळ फार आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी शिबिरात नोंदणी करताना कुणी पुतण्याचा नंबर दिला, कुणी शिबिर घेणाऱ्याचाच. ओटीपी ज्याच्याकडे जातो, आधार त्याच्या हातात असतं, हे लक्षात घ्या. नंबर बदलायला आधार केंद्रावर ७५ रुपये लागतात (ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर). पावती मागून घ्या, जास्त पैसे मागितले तर १९४७ या हेल्पलाईनवर तक्रार होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला त्यांचा स्वतःचा किंवा ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे अशा एकाचाच नंबर ठेवा.

दुसरं, झाकलेलं आधार उतरवून ठेवा. याला मास्क्ड आधार म्हणतात. त्यावर पहिले आठ अंक फुल्यांनी झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. फोटो, नाव, पत्ता सगळं तसंच. आधार प्राधिकरणाच्या मायआधार पोर्टलवर 'डाउनलोड आधार' मध्ये जा, नंबर टाका, ओटीपी टाका आणि फाईल उतरवण्याआधी मास्क्ड आधारच्या चौकटीत खूण करा. ही खूण विसरली की साधं, पूर्ण नंबरचं आधार उतरतं. बहुतेकांची चूक इथेच होते.

फाईल उघडायला पासवर्ड लागतो: आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि लगेच जन्मवर्ष, मध्ये मोकळी जागा नाही. नाव सुनीता आणि जन्म १९८८ असेल तर एस, यू, एन, आय आणि १९८८. पासवर्ड चुकीचा दाखवत असेल तर कार्डावर नाव कसं छापलंय ते नीट बघा. आपल्याकडे अनेक कार्डांवर आडनाव आधी आहे. 'पाटील सुनीता' असं छापलं असेल तर पासवर्ड पी, ए, टी, आय पासून सुरू होतो.

तिसरं, आभासी क्रमांक. हा सोळा अंकी तात्पुरता नंबर आहे, आधारच्या जागी ओळख पडताळणीला चालतो आणि नवा काढला की जुना आपोआप बाद होतो. त्यावरून कुणालाही तुमचा मूळ नंबर काढता येत नाही. नोंदवलेल्या मोबाईलवरून १९४७ ला मेसेज पाठवा: इंग्रजीत जी, व्ही, आय, डी ही अक्षरं, मग एक मोकळी जागा, मग आधारचे शेवटचे चार अंक. इंटरनेट लागत नाही. साध्या बटणाच्या फोनवरूनही होतं.

चौथं काम सगळ्यात मोलाचं: बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुलूपबंद करणं. पोर्टलवर ओटीपीने आत जाऊन 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स' निवडा, संमतीची खूण करा, लॉक करा. त्यानंतर तुमचा अंगठा कुठल्याही यंत्रावर ठेवला, मग तो खरा असो वा कुणी रबरात उतरवलेला, तर पडताळणी होत नाही. यंत्रावर ३३० हा त्रुटी क्रमांक येतो. ओटीपीची कामं मात्र चालू राहतात. अंगठा लागणारं काम निघालं की तात्पुरतं कुलूप उघडायचं. ते दहा मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप बंद होतं.

या दहा मिनिटांमुळे रेशन दुकानात पंचाईत होते. रांगेत उभं राहताच कुलूप उघडलं आणि नंबर यायला अर्धा तास लागला तर यंत्र पुन्हा ३३० दाखवणार आणि दुकानदार म्हणणार की तुमचं आधार बंद पडलंय. तुमच्या पुढे दोनच माणसं उरली की मगच उघडा. घरातून दरमहा एकच माणूस रेशन आणायला जात असेल तर त्याचं उघडं ठेवून बाकी सगळ्यांचं बंद ठेवणं सोयीचं पडतं, कारण शिधापत्रिकेवरच्या कुणाही एकाच्या अंगठ्यावर सगळ्या कुटुंबाचं धान्य मिळतं. धडगाव, अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर रेंजच नाही तिथल्या माणसांनी रेशनच्या दिवसाआधी, बाजाराच्या गावी आल्यावर, दहा मिनिटांपुरतं नव्हे, कुलूपच काढून ठेवावं आणि धान्य उचलल्यावर पुन्हा बंद करावं.

कुठे द्यावंच लागतं

केंद्राच्या किंवा राज्याच्या तिजोरीतून पैसा, धान्य, अनुदान मिळणार असेल आणि तशी अधिसूचना असेल तर आधार मागता येतं. हे आधार कायद्याचं कलम ७. रेशन, पीएम किसान, लाडकी बहीण योजनेचे दरमहाचे १,५०० रुपये, गॅसचं अनुदान, हे सगळं यात येतं. पॅनला आधार जोडणंही बंधनकारक आहे. इथे भांडण्यात वेळ घालवू नका. अशा योजनांना पूर्ण नंबर लागतो, झाकलेलं आधार चालत नाही.

पण कलम ७ लाच जोडून एक वाक्य आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. आधार क्रमांक मिळालेला नसेल तर दुसऱ्या ओळखीवर लाभ द्यायचा आहे. म्हणजे "आधार नाही, तर नाव कापलं" असं कुणालाही म्हणता येत नाही.

थेट लाभाच्या पैशाबद्दल एक गोष्ट तपासून ठेवा. पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. कुठेतरी सेवा केंद्रात नवं खातं उघडलं, अंगठा दिला आणि योजनेचे पैसे तिकडे वळले, असं सर्रास होतं. पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये सध्या कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. हप्ता आला नाही की तालुक्याला चकरा मारण्याआधी हे बघा.

कुठे नाही म्हणता येतं

मतदार यादीसाठी नमुना ६ब भरून आधार देणं ऐच्छिक आहे. निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच सांगितलं. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) दारात आले तर नम्रपणे सांगा की मतदान कार्ड आहे, आधार जोडायचं नाही.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना 'आभा' क्रमांक काढायला सांगतात. हा चौदा अंकी आरोग्य क्रमांकही ऐच्छिक आहे आणि त्याच्याशिवाय उपचार नाकारता येत नाहीत. ज्याला तो हवा असेल त्याला आधारऐवजी वाहन परवान्यावरही काढता येतो.

ज्या बँक खात्यात सरकारी लाभ येणार नाही ते मतदान कार्ड, पारपत्र, वाहन परवाना किंवा राज्य अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड यांवर उघडता येतं. लॉजवर, सोसायटीच्या फाटकावर, कुरिअरच्या दुकानात आधारचा आग्रह धरायला काहीच आधार नाही. तिथे मतदान कार्ड पुढे करा. नाहीच ऐकलं तर झाकलेलं आधार.

शाळा आणि 'अपार'

जूनमध्ये शाळेत प्रवेश घ्यायला गेलेल्या आईबापांना सगळ्यात जास्त घाबरवलं जातं, म्हणून यावर सविस्तर. आधार नसल्याने शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. ६ ते १४ वयाच्या मुलाचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, ते काही अनुदान नव्हे, आणि २०१८ च्या निकालात हे स्पष्ट आहे. जन्मदाखला पुरतो. तोही नसेल तर प्रवेश थांबत नाही.

गुरुजी इतके मागे का लागतात, हेही समजून घ्या. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार जुळलेले विद्यार्थी मोजले जातात. दोन-चार मुलांचं आधार जुळलं नाही की लहान शाळेत एक शिक्षक कमी होऊ शकतो. त्यांच्याशी वैर धरू नका. प्रवेश आधी घ्या, आधारचं नंतर बघू असं सांगा. द्यायचं ठरवलंत तर मुलाचं नाव आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते का ते आधी तपासा. न जुळणारं आधार दिलं की शाळेच्या नोंदीतला घोळ दहावीपर्यंत पुरतो.

'अपार' हा विद्यार्थ्याचा बारा अंकी शैक्षणिक क्रमांक वेगळा आहे. तो आधारवरूनच तयार होतो आणि त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. संमतीपत्रावर सही घेताना बऱ्याच शाळा ते 'भरून टाका' म्हणून हातात देतात. ते वाचा. संमती द्यायची नसेल तर कोरं ठेवू नका, एका कागदावर लिहून द्या:

"मा. मुख्याध्यापक यांस, माझा पाल्य (नाव), इयत्ता (…), याचा अपार क्रमांक तयार करण्यास आणि त्यासाठी त्याच्या आधारची माहिती वापरण्यास माझी संमती नाही. ही संमती ऐच्छिक असल्याने ती न दिल्यामुळे त्याच्या प्रवेशावर, परीक्षेवर किंवा दाखल्यावर परिणाम होऊ नये, ही विनंती. कृपया या अर्जाच्या प्रतीवर पोच द्यावी."

दोन प्रती न्या. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच. आधी संमती दिली असेल तर ती मागे घेण्याचा अर्जही असाच लिहायचा.

मुलांबाबत आणखी एक तरतूद. ज्यांचं आधार लहानपणी आईबापांनी काढलं, त्यांना १८ वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते रद्द करण्याचा अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने हा हक्क मिळाला. पुढे रेशन, शिष्यवृत्ती, पॅन सगळं त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे खान्देशातल्या गरीब घरच्या मुलाला आम्ही हा सल्ला देणार नाही. पण हक्क आहे, तो माहीत असावा.

अंगठा उमटत नाही तेव्हा

रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणाऱ्या माणसाचा अंगठा जवळून बघा. केळीचा चीक वाळून काळा थर बसलेला असतो, त्याखाली कातडी सोललेली. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी बारीक चिरा पडलेल्या असतात. ऊसतोडीला जाऊन आलेल्यांची तर रेघच उरत नाही. यंत्राच्या काचेला या रेघांच्या खाचाच हव्या असतात. त्या झिजल्या किंवा भरल्या की माणूस खरा असून खोटा ठरतो. यात त्याचा काहीच दोष नाही आणि त्यासाठी त्याचं धान्य अडता कामा नये.

रेशनला जायच्या आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळून कोमट पाण्याने धुवा, चीक निघतो. दुकानात गेल्यावर बोट कोरडं पुसा, पण अगदी खरखरीत नको. थंडीत कोरड्या कातडीचा ठसा तुटक येतो, तेव्हा बोट कपाळावरून एकदा फिरवलं की किंचित तेलकटपणा येतो आणि ठसा उमटतो. यंत्राची काच दुकानदाराला पुसायला सांगा, दिवसभरात शंभर बोटांचा मळ तिच्यावर बसलेला असतो. बोट टोकाने टेकवू नका, पेराचा फुगीर भाग सपाट ठेवा, दाबू नका. अंगठाच हवा असं नाही. दहाही बोटांची नोंद आहे, मधलं बोट किंवा अनामिका बहुधा कमी झिजलेली असते. दोनदा फसलं की बोट बदला.

तरीही नाही जमलं तर क्रमाने मागा: घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा, डोळ्यांचं यंत्र असेल तर ते, मोबाईलवर ओटीपी. यातलं काहीच झालं नाही तर शिधापत्रिका आणि आधार दाखवून, वहीत नोंद करून धान्य द्यायचं आहे. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना हेच कळवलं आहे: यंत्र चाललं नाही, जोडणी नाही, ठसा जुळला नाही, यांपैकी कशामुळेही पात्र माणसाला परत पाठवायचं नाही. तारीख पाठ करून ठेवा. "साहेब, २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे" असं शांतपणे म्हटलं तर बऱ्याच वेळा वही बाहेर येते.

दुकानदार ऐकत नसेल तर तिथेच एका कागदावर तारीख, वेळ, यंत्रावर दिसलेला त्रुटी क्रमांक आणि किती धान्य राहिलं ते लिहा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. तो कागद घेऊन तहसील कार्यालयात पुरवठा निरीक्षकाकडे जा, पोच घ्या. रेशनच्या १९६७ या हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवता येते. हक्काचं धान्य मिळालं नाही तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात त्याबदली भत्त्याची तरतूद आहे, तक्रारीत तोही मागा.

सुरतेला कामाला गेलेल्यांना तिथल्याच रेशन दुकानात याच कार्डावर धान्य घेता येतं. काही तिकडे, काही गावी, असंही उचलता येतं. कार्ड मात्र गावीच घरच्यांकडे ठेवा, सुरतेला नंबर पुरतो. मुकादमाकडे तर कार्ड ठेवूच नका.

झेरॉक्सच्या दुकानात

खाजगी माहिती सगळ्यात जास्त फुटते ती इथे, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. तुम्ही आधारची फाईल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता, तो संगणकावर उघडतो, दोन रुपये घेऊन कागद देतो. तुम्ही निघून जाता, फाईल मात्र तिथेच राहते. त्या संगणकाचं 'डाउनलोड्स' उघडून बघितलं तर अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं, सातबारे आणि पासबुकं एकाखाली एक पडलेली दिसतील.

म्हणून झाकलेल्या आधारच्या दहा-पंधरा प्रती एकदाच काढून घरी ठेवा. काढताना समोर उभं राहून फाईल डाउनलोड्समधून आणि नंतर रिसायकल बिनमधूनही पुसायला लावा. स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या संगणकावर जोडलं असेल तर फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन ते तोडा. खराब निघालेली प्रत टोपलीत टाकू नका. तिच्याच पाठीवर पुढचं गिऱ्हाईक हिशोब लिहितं.

प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: "फक्त (अमुक) कामासाठी, (अमुक) कार्यालयास, दिनांक", खाली सही. लिहिणं कोपऱ्यात नको. अक्षरं फोटोवरून आणि पत्त्यावरून गेली पाहिजेत, म्हणजे ती झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येत नाही. शाईचं पेन वापरा. पूर्ण नंबरची प्रत द्यावी लागली तर हे अधिकच गरजेचं.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने लोकांना हेच सुचवलं होतं की आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, झाकलेलं द्या. दोन दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं, पण झाकलेल्या आधारची सोय जशीच्या तशी आहे. खिडकीवर कुणी "ते रद्द झालं" म्हणालं तर रद्द झालं ते पत्रक, सोय नव्हे, हे सांगा.

अंगठ्यावर निघणारे पैसे

सेवा केंद्रात किंवा बँक मित्राकडे आधार आणि अंगठ्यावर पैसे काढता येतात, एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत. लबाडीही तिथेच होते. पहिली तऱ्हा साधी: "अंगठा आला नाही मावशी, परत ठेवा." पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात, दुसऱ्यांदा आणखी निघतात. एक अंगठा, एक पावती, हा नियम ठेवा. 'फेल' म्हणाला तरी फेलची छापील पावती घ्या, मगच दुसऱ्यांदा बोट ठेवा.

दुसरी तऱ्हा खरेदीखतांवरून चालते. देशात अनेक ठिकाणी जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे आणि आधार क्रमांक उचलून, ठसा रबरात किंवा सिलिकॉनमध्ये उतरवून पैसे काढल्याचं उघड झालं आहे. दस्ताला आधारची प्रत जोडायची असेल तर झाकलेलीच जोडा, किंवा ओळखीला वाहन परवाना वापरा. ज्यांनी अलीकडे शेत किंवा प्लॉट घेतला-विकला त्यांनी बायोमेट्रिक कुलूप आजच लावावं. अंगठ्याने पैसे काढायचेच नसतील तर बँकेत लेखी अर्ज देऊन खात्यावरची ही सोय बंद करून मागा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेत तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे तिऱ्हाइताने केलेल्या अशा फसवणुकीत तीन दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य आहे. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत थोडी जबाबदारी तुमच्यावर येते, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. "पुढच्या सोमवारी या" असं सांगितलं तरी अर्जावर आजच्या तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

पोर्टलवरचा 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' हा भाग महिन्यातून एकदा उघडा. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं ते तिथे दिसतं, जास्तीत जास्त ५० नोंदी. तारीख, वेळ, अंगठा की ओटीपी आणि कुठल्या संस्थेने. कशासाठी ते दिसत नाही. तुम्ही शेतात असतानाच्या वेळेची, अंगठ्याची, ओळखीच्या नसलेल्या बँकेची नोंद दिसली तर आधी कुलूप लावा, मग १९४७ वर तक्रार. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही बघा. सिम घेताना दोनदा घेतलेल्या अंगठ्यावर दुसरं सिम निघालेलं असू शकतं.

ग्रामसभेत काय मागायचं

केंद्राचा कायदा ग्रामसभेला बदलता येत नाही. पण गावातल्या कार्यालयांनी तो कसा वापरायचा, यावर ठराव घेता येतो आणि त्याला वजन असतं. सातपुड्याच्या पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी गावांच्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) गावांत तर अधिकच. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आयत्या वेळचा विषय सहज टाळला जातो.

ठरावात तीन गोष्टी मागा. रेशन दुकानात अंगठा न उमटलेल्यांची वेगळी नोंदवही ठेवावी आणि ती दरमहा दक्षता समितीसमोर यावी. आधारऐवजी कुठल्या ओळखी चालतील त्याचा फलक दुकानात, शाळेत आणि दवाखान्यात लावावा. आणि लाभार्थ्यांच्या याद्यांवर आधार क्रमांक छापू नयेत. हे तिसरं कलम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात तातडीचं आहे, कारण आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम २९ नेच मनाई आहे. घरकुलाची, विहिरीची किंवा अनुदानाची यादी भिंतीवर चिकटवताना किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना नंबरचा रकाना तसाच राहतो. अशी यादी दिसली तर आधी फोटो काढा, मग ग्रामसेवकांना ती उतरवायला सांगा आणि नंबरचा रकाना काढून पुन्हा लावायला लावा. ठरावाची प्रत इतिवृत्तातून सही-शिक्क्यासह घ्या, एक गटविकास अधिकाऱ्यांना आणि एक तहसीलदारांना द्या, दोन्हीकडे पोच घ्या. महिनाभरात काही हललं नाही तर ती पोच घेऊन जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला जाता येतं. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज आधी द्यावा लागतो.